मागच्या काचेचं गायरान: शेवाळखाऊ माशांच्या एका टाकीचं प्रकरण

ताईचा फोन आला तेव्हा निदान आधीच झालेलं होतं. "एंजल माशाच्या अंगावर बुरशी आली आहे. औषधाचे दोन कोर्स देऊन झाले. आता तिसरं कोणतं देऊ, तेवढं सांग." मी म्हटलं, "काहीच देऊ नकोस, मी येऊन बघतो." त्या 'येऊन बघतो'मध्ये जो तोरा होता, तो पुढच्या दहा दिवसांत पुरता उतरला. कसा उतरला तेही खाली येईलच, कारण या टाकीत ताई चुकली तसा मीही चुकलो.

ताई माझी मावसबहीण. मासे पाळायला लागून तिला तेव्हा सात महिने झाले होते. पण वर्षानुवर्षं टाक्या सांभाळणाऱ्यांतही सहसा नसतो असा एक गुण तिच्यात आहे: ती वही ठेवते. कोणता मासा कधी आणला, पाणी कधी बदललं, कोण मेला, कोण कोणाच्या मागे धावला, सगळं तारखेनिशी. हे टिपण बऱ्याच अंशी त्या वहीवरच उभं आहे.

टाकी

काच ९० × ४० × ४५ सेंमी. गुणाकार केला तर १६२ लिटर भरतात, पण रेती, लाकूड आणि वरची चार बोटं मोकळी जागा वजा केली की प्रत्यक्ष पाणी १३५ लिटरच्या आसपास. ताई औषधाचा डोस १६२वर मोजत होती, म्हणजे दरवेळी वीस टक्के जास्त. तापमान २६ अंश, पीएच ७.२. काचेच्या कडेला लटकणारा एक हँगऑन फिल्टर, एक मोठं ड्रिफ्टवूड म्हणजे लाकडाचा ओंडका, त्यावर बांधलेल्या अनुबियास आणि जावा फर्न या पाणवनस्पती, मागे वॅलिसनेरिया या लांब पानांच्या वनस्पतीची दाट रांग. मासे: दोन एंजल, दहा रमीनोज टेट्रा, आणि तळाशी वावरणारे सहा कोरीडोरास. इथवर काही वावगं नाही. गोष्ट सुरू होते ती 'सफाईवाले' आणण्यापासून.

सहाव्या आठवड्यातली नोंद: "काच तपकिरी झाली. बोट फिरवलं तर पुसली जाते. पानांवरही तेच." हे डायटम. सिलिकाचं कवच असलेले एकपेशीय जीव. नव्या टाकीत हे जवळजवळ ठरलेलं असतं. टाकी मुरत गेली की बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपोआप ओसरतं. ताईला हे सांगणारं कोणी नव्हतं. सातव्या आठवड्यात तिने पाच ऑटोसिंक्लस आणले, ज्यांना सगळे 'ऑटो' म्हणतात. चार सेंटीमीटरचा, बाजूने काळी रेघ असलेला, दिवसभर काचेला चिकटून तोंड चालवणारा शांत मासा.

पाचव्या दिवशी काच लख्ख. वहीत तीन उद्गारचिन्हं आहेत. आणि मग: अकराव्या दिवशी एक ऑटो मेला, पंधराव्या दिवशी दुसरा, एकोणिसाव्या दिवशी तिसरा. समोर ताईचा शेरा, "नाजूक जात दिसते."

ऑटो नाजूक आहे हे खरं, पण ते तीन ऑटो नाजूकपणाने मेले नाहीत. उपासमारीने मेले. या व्यापारात येणारे बहुतेक ऑटो आजही दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांतून पकडलेले असतात. पकडणं, साठवणं, विमानप्रवास, घाऊक व्यापाऱ्याची टाकी, मग दुकानाची टाकी, या सगळ्या साखळीत त्यांना चरण्यासारखं काही मिळत नाही. फ्लेक (खाद्याचे पापुद्रे) किंवा पेलेट (गोळ्या) हे अन्न आहे हेच त्यांना ठाऊक नसतं. म्हणजे घरी येतो तो मासा आधीच खंगलेला. त्याला पाच दिवस डायटमची मेजवानी मिळाली, आणि सहाव्या दिवसापासून चकचकीत काच. सात आठवड्यांच्या टाकीत लाकडावर, पानांवर जी बारीक बुळबुळीत साय धरते, ती बायोफिल्मसुद्धा पुरेशी तयार नव्हती. ताईच्या आनंदाचा दिवस आणि ऑटोंच्या उपवासाचा पहिला दिवस एकच होता.

"पण मी वेफर टाकत होते की!" ताई म्हणाली. वेफर म्हणजे तळाशी बुडणारी खाद्याची चकती. टाकत होती, खरंच. वहीत आहे. दिवसा, दिवे चालू असताना, कोरीडोरासच्या अंगणात. सहा कोरीडोरास एक वेफर पंधरा मिनिटांत फस्त करतात, आणि ऑटो भांडून घास मिळवणारा मासा नाही. वेफर टाकला होता. ऑटोपर्यंत पोहोचला नव्हता.

दोन नवे पाहुणे

चौथ्या महिन्यात काचेवर हिरवी धूळ बसायला लागली आणि अनुबियासच्या जुन्या पानांच्या कडांना, फिल्टरच्या तोंडाला काळे केसाळ झुबके आले. या झुबक्यांना ब्लॅक बिअर्ड, म्हणजे काळी दाढी, म्हणतात. रंग काळा असला तरी ते लाल शेवाळाच्या कुळातलं आहे, आणि बहुतेक शेवाळखाऊ मासे त्याला तोंड लावत नाहीत. ताईने विचारणा केली तेव्हा तिला दोन मासे सुचवले गेले: एक सोनेरी 'अल्गी ईटर', सहा सेंटीमीटरचा, आणि एक 'सकर', म्हणजे तोंडाने चिकटून राहणारा मासा, पाच सेंटीमीटरचा. तिने दोन्ही आणले.

या व्यवसायात नावांचा जो गोंधळ आहे त्याने जितके मासे मेले असतील तितके रोगाने मेले नसतील असं मला कधीकधी वाटतं. 'अल्गी ईटर' या एका नावाखाली किमान तीन अगदी वेगळे मासे विकले जातात. खरा सियामीज अल्गी ईटर, म्हणजे क्रॉसोकायलस, हा लहानपणी तरी काळी दाढी खाणारा मासा. त्याच्या अंगावरची काळी रेघ थेट शेपटीच्या पंखाच्या टोकापर्यंत जाते. त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या काही गारा जातीच्या माशांची रेघ शेपटीच्या अलीकडेच संपते, आणि त्यांचं काम वेगळं. तिसरा ताईने आणला तो, जायरिनोकायलस आयमोनिएरी. म्हणतात त्याला चायनीज, पण मूळ घर मेकाँग आणि चाओ फ्राया या आग्नेय आशियातल्या नद्यांच्या खोऱ्यांत. निसर्गात पाव मीटरहून मोठा होतो. सोनेरी रंग ही त्याचीच पाळीव छटा, म्हणून लोक तो वेगळा मासा समजतात.

त्याची एक शारीरिक गंमत सांगायलाच हवी, कारण पुढच्या प्रकरणाची किल्ली तीच आहे. साधा मासा तोंडाने पाणी घेतो आणि कल्ल्यांतून सोडतो. म्हणजे तोंड कशाला चिकटवून ठेवलं तर श्वासाची अडचण. जायरिनोकायलसच्या कल्ल्याच्या झाकणापाशी वरच्या बाजूला एक जादा छिद्र असतं. पाणी तिथून आत, खालच्या फटीतून बाहेर. तोंड मोकळं. वेगवान प्रवाहात खडकाला चिकटून तासन्‌तास खरवडत राहण्यासाठी केलेली ही सोय आहे. खडकासाठी केलेली, हे लक्षात असू द्या.

माझी चूक

मी गेलो तेव्हा एका एंजलच्या डाव्या कुशीवर दोन गोल, फिकट चट्टे होते, कडा लालसर, मधले खवले विसकटलेले. बुरशीचा कापूस कुठेच दिसत नव्हता. दुसऱ्या एंजलला काही नव्हतं. पाणी तपासलं: अमोनिया (माशांच्या घाणीतून येणारं विष) ०.५, त्यातून बनणारं नायट्राइट किंचित, शेवटी उरणारं नायट्रेट ६०च्या घरात, सगळं मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये. सात महिन्यांच्या टाकीत अमोनिया दिसायचं कारण काय? तर ताईने दुसऱ्या कोर्सला मेथिलीन ब्लू हे बुरशीवरचं औषध मुख्य टाकीतच ओतलं होतं, तेही वीस टक्के जास्त. फिल्टरमध्ये अमोनिया पचवणारे जे जिवाणू मुरलेले असतात, त्यांना हे औषध मानवत नाही. नसलेल्या रोगावरच्या औषधाने टाकीला खरा आजार लावला होता.

चट्टे चोखल्याचे आहेत हे मला लगेच कळलं. रात्री एंजल पाण्यात जवळजवळ न हलता तरंगत झोपतो. त्याची चपटी कूस म्हणजे चिकटायला आयती भिंत. आणि कुठल्याही माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर प्रथिनांनी भरलेला. मी टाकीत बघितलं. सकर आता बारा सेंटीमीटरचा झाला होता. ताई त्याला काहीच घालत नव्हती, कारण "तो शेवाळ खातो ना?" मोठा सकर उपाशी असला की रात्री चपट्या माशांच्या अंगाला लागतो, हे मी आधी पाहिलेलं होतं. झालं. मी वही मागितलीसुद्धा नाही. सकर पकडला, बादलीत घातला आणि घेऊन आलो. निघताना म्हणालो, "आठवड्यात चट्टे भरतील."

आठव्या दिवशी ताईचा फोन. "तिसरा चट्टा आला आहे. आणि आता उजव्या बाजूला."

तेव्हा मी वही वाचली. सकर नेल्याच्या तारखेच्याही सात आठवडे आधीची नोंद होती: "सोनेरी मासा एंजलच्या मागे मागे असतो. खेळतो बहुधा." पाच आठवडे आधी: "सोनेरीने कोरीडोरासला कोपऱ्यात दाबलं. हा आता लाकडाची खालची जागा कोणाला देत नाही." तीन आठवडे आधी: "सोनेरी काचेवर हल्ली दिसत नाही, फ्लेक टाकले की सगळ्यांच्या आधी वर."

एवढं सगळं लिहून ठेवलेलं होतं. मी सकरची बदनामी ऐकून आलो होतो आणि तिने जे डोळ्यांनी पाहिलं ते वाचलं नव्हतं.

खात्री म्हणून त्या रात्री आम्ही दोघं टाकीसमोर बसलो. टॉर्चवर लाल जिलेटीन कागद लावला, कारण लाल उजेडाने मासे फारसे बिथरत नाहीत. दहाला दिवे गेले. दहा वाजून चाळीस मिनिटांनी सोनेरी मासा लाकडाखालून निघाला, वॅलिसनेरियाच्या कडेने वर चढला आणि झोपलेल्या एंजलच्या उजव्या कुशीला चिकटला. एंजल झटका देऊन सरकला. हा पुन्हा चिकटला. चौथ्यांदा एंजलने झटकायचा प्रयत्नही केला नाही. ताई हळूच म्हणाली, "अरे, हा तर जळू आहे."

जळू म्हणणं अन्यायाचं होतं, पण त्या क्षणी मी वाद घातला नाही. लहानपणी हा मासा खरोखर शेवाळ खरवडतो. वाढत जातो तसा त्याचा कल बदलतो: शेवाळातला रस कमी, प्रथिनाची भूक जास्त, जागेवरची मालकी जास्त. त्यात ताईच्या टाकीत तो उपाशी होता, दिवसातून तीनदा पडणाऱ्या फ्लेकमध्ये पोट भागवत होता, आणि एका रात्री त्याला शोध लागला की खडकासाठी मिळालेलं तोंड माशालाही लागतं. ही सवय एकदा लागली की भरपूर खायला घालूनही सहसा सुटत नाही. इलाज एकच, टाकी वेगळी करणं. तो आता एका परिचिताकडच्या लांब टाकीत दांडग्या, वेगवान बार्ब माशांबरोबर राहतो, जिथे कोणी त्याच्यासाठी स्थिर उभंच राहत नाही.

आणि सकर? तो निर्दोष सुटला, पण परत आला नाही. पाठीवरच्या पंखाचे किरण मोजले तर बारा भरले, म्हणजे टेरिगोप्लिक्थिस. हा ४० सेंटीमीटरच्या पुढे जाणारा मासा आहे. ९० सेंटीमीटरच्या टाकीत त्याला वळायलाही जागा राहणार नव्हती, आणि त्याची विष्ठा बघता नायट्रेट ६०वर का गेलं याचा निम्मा खुलासा तिथेच होता. टाकी साफ ठेवायला आणलेला मासा टाकीतला सर्वांत मोठा घाणकरी निघावा, हा योग या छंदात फार लोकांच्या वाट्याला येतो. त्याला माझ्या मोठ्या टाकीत जागा होती म्हणून निभावलं. ज्यांच्याकडे नसते ते तळ्यात किंवा नदीत सोडतात. ते करू नका. उष्ण प्रदेशांतल्या कितीतरी नद्यांत हे सकर असेच पोहोचले आहेत, आणि विणीसाठी काठ पोखरून बिळं करत आहेत.

भूक कोणाची, जबाबदारी कोणाची

एंजलला औषध काही दिलं नाही. रोज २० टक्के पाणी बदललं, अमोनिया शून्यावर येईपर्यंत खाणं एका चिमटीवर आणलं. चट्टे पाच आठवड्यांत भरले. उजव्या कुशीवर एक फिकट डाग राहिला आहे तो राहणारच.

मग शेवाळ. ते का येतं हा प्रश्न सात महिन्यांत कोणी विचारलाच नव्हता. ते कोण खाईल एवढंच विचारलं होतं. दिवे ११ तास चालू राहत होते, टायमर लावून ७ वर आणले. दिवसातून तीनदाचं खाणं एकदावर, आठवड्यात एक दिवस उपास. महिन्याला १० टक्के पाणी बदल होत होता, तो आठवड्याला ३० टक्के. फिल्टरचा स्पंज नळाखाली न धुता टाकीतूनच काढलेल्या पाण्यात पिळायचा, म्हणजे क्लोरीनने जिवाणू मरत नाहीत. काळी दाढी धरलेली अनुबियासची पानं सरळ कात्रीने कापली. दोन महिन्यांत नायट्रेट २०च्या आसपास आलं, आणि काचेवरची हिरवी धूळ आठवड्याऐवजी तीन आठवड्यांनी दिसायला लागली.

ताई खूश. मी मात्र उरलेल्या दोन ऑटोंकडे बघत होतो. कारण शेवाळ जसजसं आटोक्यात येतं तसतसं शेवाळखाऊंचं पोट आपल्या अंगावर येतं. हे सरळ गणित आहे, पण मी ते फार कमी लोकांना मांडताना पाहिलं आहे. टाकी गलिच्छ असते तेव्हा शेवाळखाऊ माशाला खायला मिळतं आणि पाणी वाईट असतं. टाकी चांगली झाली की पाणी उत्तम आणि ताट रिकामं. या माशाचा सांभाळ करायचा म्हणजे चांगल्या पाण्यात भरलेलं ताट ठेवायचं. बाकी सगळा तपशील.

दोन ऑटोंपैकी एकाचं पोट आत गेलेलं होतं. काचेला चिकटलेला ऑटो खालून बघता येतो, हा मोठा फायदा. छातीच्या पंखांच्या मागे पोट बाहेर फुगीर दिसलं पाहिजे, छोट्या मण्यासारखं. सपाट असेल तर काळजी, खोलगट असेल तर उशीर. दुसरी खूण विष्ठेची: हिरवट-तपकिरी लांब दोरा लोंबत असेल तर मासा चरतो आहे, पांढरट, पारदर्शक तंतू म्हणजे आतडं रिकामं. तो खोलगट पोटाचा ऑटो आम्ही वाचवू शकलो नाही. वेगळ्या टाकीत ठेवलं, समोर सगळं मांडलं, तरी नवव्या दिवशी गेला. उपासमार एका मर्यादेपलीकडे गेली की समोरचं अन्नही उपयोगाचं राहत नाही.

राहिला एक. आणि ऑटो हा घोळक्याचा मासा आहे, एकटा ठेवणं बरोबर नाही. त्याला सोबत आणायची, तर या वेळी क्रम उलटा: आधी चारा, मग मासे.

ताईने तळहाताएवढे गुळगुळीत दगड दोन पसरट बरण्यांत ठेवले, वर टाकीतलंच बदललेलं पाणी भरलं आणि बरण्या खिडकीत उन्हाला लावल्या. दोन आठवड्यांत दगडांवर तपकिरी-हिरवी मऊ साय धरली. टाकीत जे उन्हात येऊ द्यायचं नाही असं आपण धडपडून बघतो, तेच बरणीत मुद्दाम पिकवायचं. ताईला यात इतकी मजा आली की बरण्या चार झाल्या. दगड आळीपाळीने फिरतात: दोन टाकीत, बाकीचे उन्हात.

दुसरी गोष्ट, मागची काच. ताईला चारही काचा घासायची सवय होती. आम्ही ठरवलं की समोरची घासायची, डावी-उजवी हातासरशी पुसायची, मागच्या काचेला हात लावायचा नाही. ते गायरान. तिथे जे उगवेल ते ऑटोंचं.

मग सहा ऑटो आणले. दुकानात पोट बघून निवडले, फुगीर पोटाचे आणि काचेवर तोंड चालवणारे तेवढेच घेतले. तळाशी निपचित पडलेले सोडले. थेट मुख्य टाकीत नाही. ३५ लिटरच्या क्वारंटाइन टाकीत, मुख्य टाकीतून आणलेलं मुरलेलं स्पंज फिल्टर, बरणीतले दोन दगड, अनुबियासचं एक जुनं पान आणि मंद उजेड. चौथ्या दिवशी एक मेला, कारण कळलं नाही. बाकीचे पाच चरत राहिले.

तिथेच त्यांना आपल्या अन्नाची ओळख करून द्यायची होती, कारण दगड जन्मभर पुरणारे नव्हते. इथे ताईचा चिवटपणा कामी आला. झुकिनीची चकती उकळत्या पाण्यात दोन मिनिटं टाकून, गार करून, स्टीलच्या चमच्याला खोचून तळाशी ठेवायची. पहिले पाच दिवस कोणी जवळही गेलं नाही. सहाव्या दिवशी तिने चकती शेवाळलेल्या दगडाला टेकवून ठेवली. एक ऑटो दगड चरता चरता चकतीवर आला आणि तिथेच थांबला. दुसऱ्या दिवशी तीन. एकाने ओळखलं की बाकीचे त्याच्याकडे बघून शिकतात, हे ऑटोंच्या बाबतीत मी अनेकदा पाहिलंय. पालकाचं वाफवलेलं पान चालतं, साल काढलेले मटारचे दाणे चिरडून चालतात. काकडी आवडीने खातात, पण काकडीत जवळजवळ सगळं पाणीच; पोट भरल्यासारखं दिसतं आणि अंगाला काही लागत नाही. नुसत्या काकडीवर ठेवलेला ऑटो हळूहळू वाळतो.

त्यापेक्षा उपयोगी पडलं ते जेलचं खाद्य. स्पिरुलिना या शेवाळाची भुकटी मुख्य असलेलं, गरम पाण्यात कालवून घट्ट होणारं. ते गरम असतानाच दगडावर पातळ लिंपायचं, सुकू द्यायचं, दगड टाकीत ठेवायचा. ऑटोच्या दृष्टीने तो शेवाळलेला दगडच.

एक प्रसंग वहीत लाल शाईने आहे. ताई दोन दिवस बाहेर गेली आणि झुकिनी टाकीतच राहिली. परत आली तेव्हा चकतीचा लगदा, पाणी दुधाळ, मासे वर येऊन धापा टाकताहेत. अर्धं पाणी तातडीने बदलून निभावलं. भाजी संध्याकाळी ठेवली तर सकाळी बाहेर, याला अपवाद नाही. ३५ लिटरमध्ये तर नाहीच.

मुख्य टाकीत

चार आठवड्यांनी पाचही ऑटो जुन्याच्या सोबतीला गेले. कोरीडोरासचा प्रश्न उभाच होता. त्यावर ताईने जी युक्ती काढली ती माझी नाही, तिची आहे. दिवे गेल्यावर आधी टाकीच्या उजव्या टोकाला कोरीडोरासचे बुडणारे पेलेट. तो घोळका तिकडे रमला की दहा मिनिटांनी डाव्या टोकाला लिंपलेला दगड, आणि तोही तळाशी नाही, लाकडाच्या उंच फांदीवर अडकवून. कोरीडोरास तळ सोडून वर शोधायला येत नाहीत. ऑटोला उंचीचं काही नाही. एंजल अंधारात खात नाहीत. ज्याचं त्याला पोहोचलं.

आठवड्याचं वेळापत्रक असं बसलं आहे: दोन रात्री जेलचा दगड, दोन रात्री भाजी, एकदा बरणीतले दगड बदलणं, बाकीचे दिवस मागची काच. प्रमाण काय, असं विचारलं तर मी ग्रॅम सांगणार नाही. सहा ऑटोंना अंगठ्याच्या नखाएवढा लेप सकाळपर्यंत संपला तर बरोबर. उरला तर पुढच्या वेळी कमी. रविवारी दुपारी ताई काचेला चिकटलेल्या प्रत्येक ऑटोच्या पोटाचा फोटो काढते. खरं मोजमाप तेच.

मध्ये तिने पुन्हा 'एक सकर हवाच' असा हट्ट धरला होता. अँसिस्ट्रस, म्हणजे बारा-तेरा सेंटीमीटरवर थांबणारा, नाकावर दाढी असलेला सकर, या टाकीत बसला असता. लाकूडही होतंच, जे त्याला खरवडायला लागतं. पण त्याचंही पोट आहे, आणि ते सहा ऑटोंपेक्षा मोठं आहे, एवढं म्हटल्यावर तिनेच विषय सोडला. झिंग्यांचंही निघालं. ताकाशी अमानो या जपानी छायाचित्रकाराने १९८०च्या दशकात झाडांच्या टाक्यांत जे झिंगे लोकप्रिय केले, ते केसाळ शेवाळ ऑटोपेक्षा चांगलं खातात. पण एंजलबरोबर झिंगे ठेवणं म्हणजे एंजलला महागडा खाऊ देणं. शेवटी चार नेराइट गोगलगायी आल्या. काचेवरचे टणक हिरवे ठिपके, जे बहुतेक मासे काढत नाहीत, ते त्या काढतात. गोड्या पाण्यात त्यांची पैदास होत नाही हा फायदा, आणि तरीही लाकडावर जिथे तिथे पांढऱ्या अंड्यांचे ठिपके चिकटवून ठेवतात हा तोटा. ते ठिपके निघता निघत नाहीत. ताई दर फोनला त्यांच्याबद्दल तक्रार करते.

फिल्टरच्या तोंडाला काळी दाढी अजून येते. ती टाकीतलं कोणीही खात नाही. महिन्यातून एकदा ताई तोंड काढून जुन्या टूथब्रशने घासते.

वहीतली गेल्या रविवारची नोंद अशी आहे: "सहाही पोटं गोल. मागची काच अर्ध्यावर संपली, दोन दगड आत, दोन उन्हात. जुना ऑटो कोणता ते आता ओळखू येत नाही. अंडी अजून तिथेच."